प्रवेशाच्या वाटेवर (लेखांक ६) : आधी मिळणारा होकार कोणाचा?

मागच्या आठवड्यात कागदपत्रांचा विषय पुरा केला. अर्ज गेल्यावर जे दिवस सुरू होतात, ते आज बघू. पनवेल, कामोठे, खारघरच्या घरांत सीईटीचा निकाल लागला की पुढचे कित्येक आठवडे एकच प्रश्न असतो, ‘मिळेल का?’ उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. क्लासचे सर सांगतात, मागच्या वर्षी प्रवेश घेतलेली शेजारची ताई सांगते, मोबाइलवरचा कॉलेज प्रेडिक्टर सांगतो, एखादा एजंटही छातीठोकपणे सांगतो. यातल्या प्रत्येकाचा होकार ऐकताना एक गोष्ट तपासा. जागा देणं त्याच्या हातात आहे का, आणि उद्या त्याचा शब्द खोटा ठरला तर नुकसान कोणाचं?

या कसोटीला चांगला उतरणारा एक संकेत अमेरिकेत मिळतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया ही आयव्ही लीगमधली आठ विद्यापीठं आपले नियमित निकाल मार्चअखेरीस एकाच दिवशी जाहीर करतात. पण त्याआधी, ऑक्टोबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत, निवडक विद्यार्थ्यांना ती लेखी कळवू शकतात की तुमचा अर्ज आम्हाला पसंत आहे, अभ्यास आणि वर्तन असंच राहिलं तर प्रवेशाचं पत्र येईल. याला ‘लाइकली लेटर’ म्हणतात. ही पत्रं बरीचशी खेळाडूंना जातात. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि दुसरी विद्यापीठं चांगल्या खेळाडूला पैसे देऊन आधीच बांधून घेतात. त्याला थोपवून धरायला हे पत्र. थोडी पत्रं अभ्यासात विलक्षण चमक दाखवणाऱ्यांनाही जातात.

या पत्राला वजन आहे ते ते प्रवेश कार्यालयातून येतं म्हणून. खेळाच्या प्रशिक्षकाने फोनवर ‘तू आमचाच’ म्हटलं तरी प्रवेश देण्याचा अधिकार त्याला नाही, हे ही विद्यापीठं स्वतःच स्पष्ट सांगतात. आणि पत्रातली अट शोभेची नसते. पक्का झालेला प्रवेशसुद्धा तिथे काढून घेतला जातो. २०१७ मध्ये हार्वर्डने निवड झालेल्या किमान दहा विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द केले, कारण त्यांनी फेसबुकवरच्या एका गटात अत्यंत हीन मजकूर टाकला होता.

परदेशी अर्ज केलेल्या घरांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. असं पत्र न येणं म्हणजे नकार नव्हे. प्रवेश मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ते कधीच आलेलं नसतं. फेब्रुवारीत आपली बारावीची परीक्षा तोंडावर असते, आणि त्याच दिवसांत कोणाला तरी पत्र आल्याची बातमी ऐकून मुलं खचतात. त्या बातमीचा तुमच्या अर्जाशी काही संबंध नाही. ब्रिटनमधली रीत मला यापेक्षा जास्त सरळ वाटते. तिथे ‘कंडिशनल ऑफर’ मिळते, म्हणजे अमुक गुण आणलेस तर जागा तुझी. अट कागदावर, आकड्यात.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या कॅप प्रवेशात असं पत्र कोणालाच येत नाही. तरीही मला आपली पद्धत एका बाबतीत जास्त न्याय्य वाटते. इथे आगाऊ संकेत निवडक मुलांच्या पेटीत पडत नाही, तो सगळ्यांसाठी उघडा असतो. सीईटी सेल दर फेरीनंतर प्रत्येक कॉलेजची, प्रत्येक शाखेची, प्रत्येक प्रवर्गाची कटऑफ यादी संकेतस्थळावर टाकतो. न्यू पनवेलचं पिल्लई कॉलेज असो, माटुंग्याचं व्हीजेटीआय असो की लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, मागच्या वर्षी शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली ते कोणालाही बघता येतं. अडचण एवढीच की ती यादी वाचायची कशी हे शाळेत कोणी शिकवत नाही.

यादीत ‘जीओपनएच’, ‘एलओपनएच’, ‘जीओपनओ’ अशी अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातला विद्यार्थी, एस म्हणजे राज्यपातळीवरची जागा. पनवेलची मुलगी एल आणि जी दोन्हीकडे पात्र असते, म्हणून तिने दोन्ही रकाने बघावेत.

खरी मेख शेवटच्या अक्षरात आहे. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली त्यावर, घर कुठे आहे त्यावर नाही. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो. पण पनवेलचा मुलगा दोन वर्षं लातूरला राहून तिथल्या कॉलेजातून बारावी झाला असेल, तर त्याचं विद्यापीठ नांदेडचं. मग घराजवळच्या कॉलेजात तो ‘ओ’च्या रकान्यात मोजला जातो. पालक एच बघून निश्चिंत राहतात आणि पहिल्या फेरीत धक्का बसतो.

दुसरं, पर्सेंटाइलवर विसंबू नका, मेरिट नंबर बघा. यादीत दोन्ही छापलेले असतात. समजा एका वर्षी तीन लाख मुलांनी परीक्षा दिली, तर ९८ पर्सेंटाइलच्या मुलापुढे साधारण सहा हजार जण असतात. परीक्षार्थी चार लाख झाले तर त्याच ९८ पुढे आठ हजार. पर्सेंटाइल तेच, पण रांग दोन हजारांनी लांब. जागा मात्र त्या प्रमाणात वाढतीलच असं नाही.

कधी जागाच बदलतात. एआयसीटीईने २०२४-२५ पासून कॉलेजांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली. एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या ६० जागांच्या १२० झाल्या, तर जुना कटऑफ तिथे फारसा कामाचा नाही. म्हणून मागच्या यादीशेजारी यंदाचा जागांचा तक्ता ठेवूनच अंदाज बांधावा.

आयआयटी, एनआयटीकडे जाणाऱ्यांना ‘जोसा’च्या प्रक्रियेत आणखी एक सोय आहे. पसंतीक्रम पक्का करण्याआधी नमुना जागावाटप दाखवतात. पण ते तोवर ज्यांनी पर्याय भरलेत त्यांच्यापुरतंच असतं. रांगेतले बरेच जण शेवटच्या दिवसांत भरतात. नमुन्यात मुंबई आयआयटी दिसली म्हणून खालचे पर्याय काढून टाकणं हा मोठा घात आहे. वरचे स्वप्नातले पर्याय ठेवल्याने काही तोटा होत नाही, खालचे काढल्याने होऊ शकतो.

आणि एजंट. ‘मॅनेजमेंट कोट्यात सीट पक्की, फक्त टोकन द्या’ हा होकार ज्याच्या तोंडून येतो त्याच्या हातात जागा नसते. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या संस्थास्तरावरच्या जागाही जाहिरात देऊन, गुणवत्तेने भरायच्या असतात, आणि त्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. कॅपिटेशन फी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. टोकनची पावती मागून बघा, बहुतेकदा तिथेच बोलणं संपतं.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की क्रमांकाच्या आधी आपला प्रवर्ग आणि होम युनिव्हर्सिटी तपासा. चूक असेल तर हरकत नोंदवायला मोजकेच दिवस मिळतात, आणि अंतिम यादी लागल्यावर दुरुस्ती करून घेणं फार अवघड होतं. पुढच्या लेखांकात पसंतीक्रम भरण्याकडे वळू. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. त्या एका नियमामुळे पहिल्या ओळीत काय लिहायचं याचा विचार कसा बदलतो, तिथपासून सुरुवात करू.