शोधशब्दांची वही

शाळेने गावाचा इतिहास लिहिला, पिकांची माहिती जमविली, ती महाजालावर ठेवली, आणि तरीही ती कोणास सापडली नाही, असे पुष्कळदा घडते. शोधणारा एक शब्द वापरतो आणि लिहिणारा दुसरा, हे त्याचे एक मोठे कारण होय. शोधयंत्र हे ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या सूचीसारखे असते. कोणत्या पानावर कोणते शब्द आहेत याची नोंद ते आधीच करून ठेवते व त्या नोंदीतून उत्तर देते. समानार्थी शब्द ओळखण्याची शक्ती अलीकडे त्यास बरीच आली आहे. परंतु बोलीतील शब्दांच्या बाबतीत तीवर विसंबणे बरे नव्हे.

नावाच्या घोटाळ्याचे उत्तम उदाहरण वर्धा जिल्ह्यातच आहे. महात्मा गांधी सन १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव आहे व तेथे रेल्वे स्थानक आहे. त्यामुळे पत्रांची गफलत होऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. टपालाची अडचण सुटली, शोधणाऱ्याची मात्र नवी अडचण उभी राहिली. १९३७ सालच्या पत्रांवर सेगाव असे ठिकाण आढळते. केवळ ‘सेवाग्राम’ हा शब्द घेऊन बसणाऱ्यास त्यांतील कित्येक पत्रे हाती लागणार नाहीत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी शिक्षणपद्धती पुढे आली तिची नावे तर किती! वर्धा योजना, नई तालीम, बुनियादी शिक्षण, मूलोद्योग शिक्षण. ही सर्व एका गटात लिहावीत आणि त्या गटासाठी एकच चांगला लेख तयार करावा. प्रत्येक नावासाठी निराळा लेख करू नये. मात्र ‘वर्धा योजना’ असे आज विचारणारा मनुष्य शासकीय अनुदानाची किंवा धरणाची माहितीही शोधत असेल. यास्तव शब्दापुढे विचारणाऱ्याचा हेतू लिहिणे अगत्याचे आहे. हेतू भिन्न असेल तर शब्द एक असूनही गट निराळा करावा.

शब्द जमविण्याचे पहिले ठिकाण म्हणजे वर्ग आणि गावाचा पार. पालक ‘पऱ्हाटी’ म्हणतात, पुस्तकात ‘कपाशी’ असते. कोणी ‘गुलाबी बोंडअळी’ म्हणतो, तर कृषिपत्रिकेत ‘शेंदरी बोंडअळी’ छापलेले असते. बोंडे किडू लागली असता शेतकरी रात्री भ्रमणध्वनीवर आपल्याच शब्दांत विचारतो, आणि उत्तर दुसऱ्या शब्दाआड दडलेले राहिले तर फवारणीचे मोलाचे दिवस निघून जातात. अशा लेखाच्या मथळ्यात एक शब्द व पहिल्या परिच्छेदात दुसरा सहज येऊ द्यावा. तेच ते शब्द कोंबून भरू नयेत. वाचक कंटाळतो, आणि शोधयंत्रेही अशा पानास मागे लोटतात.

दुसरे ठिकाण गूगलची शोधपेटी. तीत दोन शब्द लिहिताच खाली ज्या सूचना उमटतात, त्या बहुतांशी इतरांनी केलेल्या विचारणांवरून आलेल्या असतात. गूगल ट्रेंड्समध्ये शून्य ते शंभर असे आकडे दिसतात. ते विचारणाऱ्यांची संख्या नव्हेत, केवळ तुलनात्मक प्रमाण होय, हे ध्यानात घ्यावे.

लेखनाची एक बाब येथेच सांगणे इष्ट. जुन्या, युनिकोडपूर्व टंकात लिहिलेला मजकूर डोळ्यांस मराठी दिसतो, पण यंत्रास ती निरर्थक रोमन अक्षरे वाटतात. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावाचून पुढील सारा खटाटोप व्यर्थ आहे.

वहीत चार रकाने पुरेत: शब्द, हेतू, गट, आणि उत्तर असलेले पान. सहावी-सातवीची मुले हे काम आनंदाने करतात. हंगामागणिक वही पुन्हा चाळावी, आणि ज्या शब्दापुढे चौथा रकाना रिकामा असेल, तो विषय पुढील लेखनासाठी घ्यावा.