‘आई गं!’ जरा उशिरा का येतं?

रात्री पाणी प्यायला अंधारात उठलात आणि पायाची करंगळी पलंगाच्या पायाला धाडकन आपटली, असं कधीतरी झालंच असेल! पुन्हा झालं (होऊ नये, पण होतंच), तर या वेळी नीट लक्ष ठेवा. आधी नुसतं कळतं, की काहीतरी लागलं. पाठोपाठ सणकून कळ येते. ती ओसरतेय म्हणेपर्यंत ठणका सुरू होतो, आणि तो काही लवकर जायचं नाव घेत नाही.

करंगळी एक, आपटली एकदाच, मग या तीन गोष्टी एकामागून एक का कळल्या?

कारण या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या चेतातंतूंमधून येतात. स्पर्शाची बातमी नेणारे तंतू जाड असतात आणि त्यांच्यावर मायेलिनचं स्निग्ध आवरण असतं. त्यांच्यातून संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने धावतो. पहिली कळ आणणारे तंतू बारीक, आवरणही पातळ, म्हणून वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणक्याचे तंतू तर सगळ्यांत बारीक आणि त्यांना मायेलिन नाहीच. त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका! पायापासून पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत पोचायलाच ठणक्याला जवळजवळ सेकंदभर लागतो.

तापलेल्या तव्याला बोट लागतं तेव्हा तर आणखी गंमत होते. हात आधी मागे येतो आणि ‘आई गं!’ नंतर. हात मागे घ्यायचा हुकूम मेरुरज्जूनेच परस्पर दिलेला असतो. मेंदूला कळवून, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबलं तर बोट भाजून निघेल ना!

आणि लागलं की आपण ती जागा चोळतो, ते का? चोळताना स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात. त्यांचे संदेश मेरुरज्जूत पोचले, की तिथे दुखण्याचे संदेश थोडे अडवले जातात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. आपल्या आज्या मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून नातवंडांचे गुडघे चोळून देतच होत्या.

आता तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप कशाला? दुखणंच नसतं तर किती बरं झालं असतं!

मग डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. पुढे वेल्लोरच्या रुग्णालयात ते कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करायचे. एकदा कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांना काही केल्या उघडेना. जवळच दहा-एक वर्षांचा एक मुलगा उभा होता, त्यालाही कुष्ठरोग होता. तो पुढे आला आणि त्याने किल्ली फिरवून कुलूप उघडलंसुद्धा! डॉक्टर चकित झाले. एवढ्याशा मुलात इतकी ताकद कुठून आली? तेवढ्यात त्यांना जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

तुमच्या-माझ्या बोटाने ‘बास, सोड ती किल्ली’ म्हणून केव्हाच सांगितलं असतं. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतू बिघडवतात, त्यामुळे त्याचं बोट गप्प राहिलं होतं. या रोगात बोटं आपोआप झडतात, असं तेव्हा लोकांना वाटे. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की न कळलेल्या जखमा आणि त्या चिघळणं, यामुळेच बोटं जातात.

पुढे अमेरिकेत त्यांनी बनावट दुखणं तयार करायचं ठरवलं. हातमोज्यांत आणि बुटांत दाब ओळखणारी यंत्रं बसवली. दाब वाढला की आवाज होई. रुग्ण ऐकत आणि काम तसंच पुढे चालू ठेवत. मग विजेचा झटका देऊन पाहिला, तर नेमक्या अडचणीच्या वेळी रुग्ण यंत्रच बंद करत! शेवटी तो प्रयोग सोडावा लागला. आपलं खरं दुखणं असं बटण दाबून बंद करता येत नाही, आणि मला तर तेच त्याचं सगळ्यांत मोठं मोल वाटतं.

म्हणून दोन गोष्टी नक्की करा. कुठे दुखत असेल तर ‘रडूबाई’ म्हणतील या भीतीने लपवू नका, घरी किंवा बाईंना सांगा. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर तिथे हलकेच कापूस फिरवून बघा. स्पर्श कळत नसेल तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा. असा चट्टा दुखत नाही, म्हणूनच लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि ती वेळेवर सुरू करून पूर्ण घेतली तर हा रोग बरा होतो.