पनवेलचा कललेला कातळ

चिली, जपान, सुमात्रा इथे समुद्रतळ जमिनीखाली घुसतो, म्हणून ज्वालामुखी पेटतात आणि धरणी हादरते. नवी मुंबईच्या पायाखाली असलं काही चालू नाही. आपला किनारा दाबातून नव्हे, ताणातून घडला. तरी त्या ताणामागे दूरवर बुडणाऱ्या एका समुद्रतळाचा हात होता.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचत होते. भारत तेव्हा वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेकडे सरकत होता, कारण टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली घुसत होता आणि मागोमाग आपल्यालाही ओढत होता. खालून उसळणारा तप्त झोत होताच. तो आज रियुनियन बेटाखाली आहे. ओढ किती आणि उसळी किती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा वाटणी घेऊन वेगळा निघाला, हे मात्र निर्विवाद.

त्या फाटाफुटीची खूण पनवेलजवळ उघड्यावर पडली आहे. माथेरानच्या कड्यात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. तिथून समुद्राकडे यावं तसे ते पश्चिमेला कलतात, काही ठिकाणी दहा अंशांहूनही जास्त. या वाकणाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातल्या डाइकांवर लिहिताना त्याची चर्चा केली. (कवी डब्ल्यू. एच. ऑडन त्यांचे धाकटे बंधू. घरात एकाने शब्द घेतले, दुसऱ्याने दगड.) डाइक म्हणजे भेगेत गोठलेल्या लाव्हाची उभी भिंत. कोकणपट्टीत त्यांतल्या बऱ्याचशा उत्तर-दक्षिण धावतात. जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली तर भेगा तशाच पडणार. भूवैज्ञानिक हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये या वाकणाचा फेरविचार करून त्याचं मूळ खोलवर वक्र होत जाणाऱ्या प्रस्तरभंगात शोधलं. मला ते पटतं. नुसतं वाकणं एवढा ताण सोसत नाही.

किनारा पुढे खचत गेला. समुद्रात गाळ आणि चुनखडी साचली, नि १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदजहाजाने समुद्रातल्या बॉम्बे हायला तेल शोधलं. त्या तेला-वायूच्या नळवाहिन्या उरणला येऊन पोचतात. उरणच्या तेल-वायू प्रकल्पाचा पाया खरा पाहिला तर सेशेल्स गेल्यानंतरच्या त्या खचण्यात आहे.

घुसणारा तळ मात्र आपल्यापासून फार दूर नाही. अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला मकरानच्या किनाऱ्याखाली तो आजही सरकतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तिथे आठच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी काही तासांत मुंबईला येऊन थडकली, माणसंही दगावली. तेव्हा ठाणे खाडीच्या या काठावर मिठागरं आणि कोळी-आगऱ्यांची गावं होती.