मिठाचे पर्याय
आहारातील मीठ (सोडियम क्लोराइड) कमी करूनही पदार्थाची चव टिकावी म्हणून वापरली जाणारी द्रव्ये. मिठात वजनाने सु. ४०% सोडियम असते. त्याच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दररोज ५ ग्रॅ. पेक्षा कमी मीठ ही मर्यादा सुचविली आहे. सैंधव व पादेलोण यांना पर्याय मानणे चुकीचे आहे. दोहोंत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, शिवाय सैंधवात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. काही मिठांत सोडियमऐवजी अंशतः पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या विकारात ते रक्तात साचून हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेऊ नये.

अधिक निर्धोक मार्ग आंबटपणाचा व सुगंधाचा. लिंबू पिळून वर कोथिंबीर किंवा पुदिना घातल्यास कमी मिठाचे वरण अळणी लागत नाही. या वनस्पती सज्जातही वाढतात. तळाला छिद्र असलेली कुंडी व रोज चार-पाच तास ऊन मिळाले की पुरे. धने रगडून, दुभंगून कुंडीतच पेरावेत, कारण रोप हलविल्यास सोटमूळ दुखावते. कडक उन्हाळ्यात कोथिंबिरीस लवकर फुले येऊन पाने विरळ होतात, तेव्हा दुपारची सावली द्यावी. पुदिन्याचे खोड मातीलगत पसरून इतर रोपांना जागा उरू देत नाही. त्यास स्वतंत्र कुंडी हवी. पाने पदार्थ चुलीवरून उतरविल्यावरच घालावीत, कारण त्यांतील सुगंधी तेले उष्णतेने उडून जातात.