तीन लिप्यांची ग्रंथसूची आणि पर्लची चौकट

बीदर येथे महमूद गवानाने १४७२ साली उभारलेल्या मदरशाच्या ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते होती, असे सांगतात. आज औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी कानी पडते. तेथील वाचनालयाची सूची संगणकावर आणावयाची म्हणजे तीन लिप्या एका छपराखाली नांदवावयाच्या. पुस्तक कपाटात असूनही यादीत सापडले नाही, तर विद्यार्थ्यास ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. आणि तो बहुधा पुन्हा विचारावयास येत नाही.

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली पर्ल ही भाषा या कामी उपयोगी पडते. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली व आता भारतातही पुष्कळ ठिकाणी वापरात असलेली ‘कोहा’ ही ग्रंथालयप्रणाली पर्लमध्येच लिहिलेली आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे देणगी. ती विनामूल्य मिळते, तेव्हा नाव सार्थच म्हणावयाचे!

नवी छोटी सूची रचावयाची, तर ‘मोजोलिशस’सारखी तयार चौकट घ्यावी. तीत कामाची वाटणी असते: कोणत्या पत्त्यावर कोणते काम, हे एक भाग ठरवितो; दुसरा माहिती शोधून आणतो; तिसरा ती पानाच्या साच्यात बसवितो.

खरी गोम अक्षरांत आहे. ‘बीदर’ या शब्दात युनिकोडची चार चिन्हे आहेत. परंतु साठविताना त्यांचे बारा बाइट होतात. बाहेरून आलेला मजकूर आत घेताना उलगडला नाही, तर पर्ल बारा मोजते आणि शब्द भलत्याच ठिकाणी तोडते. मोजोलिशस वाचकाने भरलेल्या मजकुराची ही उलगड स्वतःच करते. जुन्या यादीच्या फाइलींची मात्र आपणांस करावी लागते.

दुसरी अडचण अधिक फसवी. ‘वाऱ्याने’ या शब्दातील ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांस दोन्ही सारखेच. यंत्रास मात्र निराळे. कन्नडमधील ओकाराचीही हीच कथा. पर्लसोबत येणाऱ्या ‘युनिकोड नॉर्मलाइझ’ या विभागाने दोन्हींचे एकच रूप होते. नोंद करताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळी ते वापरावे. एकदाच वापरले तर व्यर्थ. तथापि ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी रीतही रूढ आहे. तिला हा विभाग हात लावीत नाही. तिच्यासाठी एका ओळीचा नियम स्वतः लिहावा लागतो.

वाचकाने टंकिलेला शब्द माहितीकोशाच्या आज्ञेत थेट चिकटवू नये. आज्ञेत प्रश्नचिन्हाची जागा राखून तो वेगळा द्यावा. नाहीतर एखादा खोडकर मनुष्य सबंध यादी पुसून टाकील.

उर्दूसाठी पानावर दिशा आपोआप ठरविण्याची खूण देता येते. पण अरबी कळफलकावरचे ‘काफ’ व ‘ये’ उर्दूच्या अक्षरांहून वेगळे नोंदले जातात, आणि नॉर्मलाइझ त्यांना एक करीत नाही. ती जोडी जुळविताना कार्यक्रम लिहिणाराच्या शेजारी उर्दू वाचणारा माणूस बसवावाच लागतो.