ट्रॅक्टरच्या मागील टायरांची निवड

ट्रॅक्टरचे मागील टायर झिजले म्हणजे दुकानातील सर्वांत उंच कंगोऱ्यांच्या जोडीकडे शेतकऱ्याचे मन ओढ घेते. परंतु कंगोऱ्यांची उंची कामावरून ठरवावी. भातखाचरातील चिखलणीस उंच कंगोरे उपयोगी पडतात. तेच टायर ऊसवाहतुकीस डांबरी रस्त्यावर चालविल्यास कंगोरे तापून लवकर झिजतात व जादा मोजलेली रक्कम रस्त्यावरच संपते. नांगरट आणि वाहतूक दोन्ही करणाऱ्यास नेहमीच्या उंचीचे कंगोरेच परवडतात.

स्वस्त म्हणून दुकानात पडून राहिलेला माल घेऊ नये. टायरच्या बाजूवर निर्मितीचा आठवडा व साल दर्शविणारे चार अंक असतात. २३२४ म्हणजे सन २०२४ चा तेविसावा आठवडा. नवे रबर चढविलेला टायर घ्यावयाचा झाल्यास तो आतूनही पाहावा. बाजूस खोल चिरा वा फुगवटा आढळल्यास, किंमत कितीही उतरली तरी तो सोडावा. भरल्या ट्रॉलीसह उतारावर टायर फुटणे म्हणजे जिवाशीच गाठ.

बसविताना बाजूवरील बाण चाक पुढे फिरते त्या दिशेस असावा. उलट बसविल्यास कंगोऱ्यांत चिखल अडकून राहतो व चाक जागच्या जागी फिरते. ही चूक अनुभवी चालकांकडूनही होते.