वाघाच्या शेजारची शेती



हिवाळ्यात नागपूर-जबलपूर रस्त्याने पहाटेच मोटारींची रीघ लागते. ही मंडळी पेंचच्या जंगलात वाघ पाहावयास निघालेली असतात. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार या फाटकांवर उघड्या जिप्सीत बसून ती आत शिरतात. एका जिप्सीत सहा प्रवासी, एक चालक आणि एक गावचा मार्गदर्शक असतो. नशिबाने साथ दिली तर वाघ दिसतो, नाही तर चितळ, सांबर पाहून परत. त्याच पहाटे जंगलालगतचा शेतकरी रात्रभर जागल करून माळ्यावरून उतरत असतो. या दोघांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे.

वाघ शेतात का येतो?

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पेंच १९७५ साली. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. या रक्षणाला फळ आले. महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. वाघीण पिलांना सुमारे दोन वर्षे सांभाळते. मग ती आपापला मुलूख शोधावयास निघतात. वाघ वाढले तरी जंगल तेवढेच राहिले. म्हणून हे तरणे वाघ नाल्याकाठाने, तुरीच्या व धानाच्या शेतांतून दुसऱ्या जंगलाकडे जातात. उमरेड-कऱ्हांडला भागातील शेतकऱ्यांना हे सांगावयास नको.

जंगलाचे देणे

पेंच नदीचे पाणी तोतलाडोह धरणात अडते, तेथून कामठी खैरीला येते. त्यावर नागपूर शहराची तहान भागते आणि कालव्याने पारशिवनी, रामटेक, मौदा भागांतील बांध्या भिजतात. धरणावरचे रान टिकले तर गाळ कमी येतो. वाघाच्या धाकाने तेथे कुऱ्हाड कमी चालते, हाही आपला नफाच आहे.

पैसा कोणाच्या घरी?

मागे एका गावी सभेत एक बाई उठून म्हणाल्या, "साहेब, वाघ पाहणारा पैसे मोजतो अन् वाघ पोसणारा गोऱ्हा गमावतो, हा कोठला न्याय?" प्रश्न रास्त आहे. फाटकाजवळच्या गावात मार्गदर्शक, चालक, खानावळ असे काम मिळते. आठ-दहा कोस दूरच्या गावाला मात्र रानडुकरेच मिळतात. २०१५ साली राज्य शासनाने जन-वन विकास योजना आणली. तीत जंगलालगतच्या गावांना स्वयंपाकाचा गॅस, सौर कुंपण आदींसाठी मदत आहे. तिचा पैसा गावच्या परिस्थितिकीय विकास समितीमार्फत खर्च होतो. तेव्हा समितीच्या सभेला जा, जमाखर्च वाचून दाखवावयास सांगा. बायांनीही जावे, कारण सरपणाला रानात त्याच जातात.

एवढे लक्षात ठेवा

१. जनावर मारले गेले तर ताबडतोब वनरक्षकाला कळवा. पंचनामा होईपर्यंत ते जागचे हलवू नका. भरपाईचा दर वेळोवेळी बदलतो, तो वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

२. मेलेल्या जनावरावर विष टाकू नका. तो गुन्हा आहे, आणि गावची कुत्रीही त्यात मरतात.

३. कुंपणात घरची वीज कधीही सोडू नका. त्याने वाघ मरतो, शेजारी मरतो, प्रसंगी घरचा माणूसही मरतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. जनावर त्याने मागे सरते, मरत नाही.

४. मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना एकटेदुकटे जाऊ नका. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. चार-पाच जणींनी मिळून जावे, बोलत राहावे, एकीने उभे राहून लक्ष ठेवावे.

५. गुरे रात्री उघड्यावर बांधू नका. गोठ्याला भक्कम दार करा.

पाहुणा दोन दिवस वाघ पाहून जातो, आपल्याला बारा महिने त्याच्या शेजारी नांदावयाचे आहे. शेजार सांभाळावा, पण शेजाराचे मोल मागण्यात संकोच करू नये. पुढच्या ग्रामसभेत हा विषय अवश्य काढा.